दहा म्हणजे वाईट

"विशेषण नको, आकडा सांगा," असं म्हणून ते उजवा तळहात समोर धरायचे, जणू आकडा त्यावर आणून ठेवायचा आहे.

कँटीनची भाजी बरी झालीय, असं कोणी म्हणालं की तो हात पुढे यायचा. भाषण छान झालं म्हटलं की हात पुढे. एकदा बसमध्ये मी कौतुकाने सांगितलं, की माझ्या मुलीच्या सासरची माणसं फार सज्जन आहेत. हात पुढे आला. मी विचार करून "दोन" म्हणालो. ते म्हणाले, "पहिल्या वर्षी दोनच असतो, मास्तर. दिवाळीनंतर परत मोजा."

दोन हा चांगला आकडा होता, हे आधी सांगायला हवं. आमची कंपनी चाकणला दुचाकींचे ब्रेक बनवते आणि ते तिथे क्वालिटीचे प्रमुख होते. आमच्या धंद्यात एखादा दोष किती गंभीर आहे हे एक ते दहा अशा आकड्यांत सांगतात. एक म्हणजे गिऱ्हाइकाच्या लक्षातही येणार नाही. दहा म्हणजे काही कळायच्या आत माणूस जायबंदी होईल. शाळेतल्या मार्कांच्या बरोबर उलट. शाळेत दहा मिळावेत म्हणून धडपडायचं, आमच्याकडे दहा दिसला की लाइन बंद करायची. हा हिशेब मी ट्रेनिंग विभागात लोकांना शिकवत असे. ते मात्र तो घरीही घेऊन गेले होते. नातेवाईक, सिनेमे, नगरसेवक, आमटी, सगळ्यांना त्याच पट्टीने मोजायचे. वहिनींना कोणता आकडा दिलात, असं मी एकदा विचारलं. "तपासणी चालू आहे," म्हणाले.

त्यांचं नाव मी सांगत नाही. तुम्हीही तुमच्या ऑफिसात असा एखादा माणूस पाहिला असेल, त्याचं नाव इथे घातलंत तरी चालेल. झाडूवाल्यापासून मालकापर्यंत सगळ्यांशी ते सारखंच अहो-जाहो करत. सत्कारात शाल मिळाली तर स्टेजवरच तिची कड उलटी करून शिवण बघत. देणारा पाहुणा तोवर फोटोसाठी हसत उभा असे.

पिंपळे सौदागरला आमच्या सोसायट्या शेजारी-शेजारी. सकाळी कंपनीची बस आम्हाला घेऊन नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत चाकणला जायची, म्हणजे जायचा प्रयत्न करायची. मोशीच्या पुढे ट्रेलरच्या मागे अडकून आम्ही जगातले बरेच विषय संपवले. गाण्यांचा विषय मात्र त्यात कधी नव्हता. तो आला तो त्यांच्या हाताखालच्या एका मुलीमुळे.

ती फायनल इन्स्पेक्शनला होती. लातूरकडची, कंत्राटी. तयार झालेला ब्रेक उचलायचा, चार ठिकाणी बघायचा, ठेवायचा, हे तिचं काम. हे काम करताना तिचे ओठ सतत हलत असत. सुपरवायझरला वाटायचं ती मोजतेय. ती गाणी रचत होती. आकुर्डीच्या कॉलेजातल्या तीन मुलांबरोबर तिने एक बँड काढला होता. बँडचं नाव छापण्यासारखं नाही. संगीताचा प्रकार पंक. पंक म्हणजे काय ते मला तेव्हाच कळलं. तीन सूर, भरपूर राग, आणि गाणं सुरू झालंय हे लक्षात येईपर्यंत ते संपलेलं असतं. त्यांनी आठ गाण्यांचा अल्बम करून इंटरनेटवर टाकला. अल्बमचं नाव 'ब्रेक'.

घोटाळा त्या नावाने झाला. कंत्राटी माणसाच्या तोंडी ब्रेक म्हणजे चाक थांबवणारा नव्हे. सात महिने झाले की त्याला महिनाभर घरी बसवतात, म्हणजे पुढे तो कायम करा म्हणत नाही. त्या घरी बसण्याला ब्रेक म्हणतात. महिन्यानंतर परत बोलावतात. बोलावलं तर. पण आमच्या एचआर प्रमुखांच्या कागदांत या प्रकाराला 'सेवाविराम' असं नाव होतं. ब्रेक हा शब्द खालच्या मजल्यावर चालायचा आणि जिना चढून वर येत नसे. त्यामुळे आपल्याच कामगार मुलीने आपल्याच मालावर अल्बम काढला, या बातमीने ते गहिवरले.

"याला म्हणतात आपलेपणा," ते आम्हाला केबिनमध्ये बोलावून म्हणाले. "आपण एक कुटुंब आहोत, हे मी उगाच म्हणत नाही. सुरक्षा सप्ताहात यातलं एक गाणं स्टेजवर झालं पाहिजे. कस्टमर कंपनीचे अधिकारी येणारेत. तुम्ही दोघं आठही गाण्यांचं रँकिंग द्या. सगळ्यात वरचं घेऊ."

"आपण ऐकलीत?" क्वालिटीने विचारलं.

"माझा प्रक्रियेवर विश्वास आहे," एचआर म्हणाले.

दोघांत मी का होतो, तर मी एकदा कंपनीच्या मासिकात लेख लिहिला होता. साहित्य आणि पंक यांचा संबंध असावा असा त्यांचा समज होता.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये एका वायरची एक गोळी माझ्या कानात, दुसरी त्यांच्या, अशी आमची समिती बसली. पहिलं गाणं 'आम्ही एक कुटुंब'. एचआर प्रमुखांचं ते वाक्य ती मुलगी वेगवेगळ्या आवाजांत म्हणत होती. आधी लाडाने, मग दटावून, मग ओरडून, शेवटी रडत. मला हसू आवरेना. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एक."

"एक कसा? झकास आहे राव."

"यातल्या दोषाने कोणाला इजा होत नाही. मूळ वाक्य ऐकूनही झाली नव्हती."

"अहो साहेब, आकडा गाण्याला द्यायचाय."

"गाण्यातलं मला कळत नाही, मास्तर. गाणं ज्याच्याबद्दल तक्रार करतंय, ते कळतं."

म्हणजे अल्बमची वर्गवारी अशी सुरू झाली. कँटीनच्या कूपनावरच्या गाण्याला दोन, कारण भूक लागते पण जेवण मिळतं. 'भावी' नावाच्या गाण्यात रस्तोरस्ती लागलेल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचे गॉगलवाले भाऊ होते, सगळे भावी काहीतरी. त्याला त्यांनी चार दिला, मग भोसरीला एका फ्लेक्सने सिग्नल पूर्ण झाकलेला दिसला तेव्हा सहा केला. नदीवरच्या फेसाच्या गाण्याला नऊ. मी म्हटलं, दहाच द्या की. "फेस आधी दिसतो," ते म्हणाले. "सूचना मिळते. सूचना मिळूनही काही केलं नाही, तर तो नदीचा दोष नव्हे." एका गाण्याला शब्दच नव्हते, नुसता चाळीसेक सेकंदांचा खणखणाट. त्यापुढे त्यांनी 'लागू नाही' लिहिलं.

टँकरचं गाणं आलं तेव्हा मी त्यांच्याकडे चोरून पाहिलं. "वरच्याला शॉवर, खालच्याला हंडा" असा त्याचा घोष होता आणि ते आमच्यासारख्या सोसायट्यांवरच होतं. ते त्यांच्या सोसायटीच्या पाणी समितीचे अध्यक्ष. "तीन," म्हणाले.

"स्वतःवर आलं की तीन?"

"पाणी येतं. उशिरा येतं. तीन." मग थोडं थांबून, "वरच्यांना. खालच्यांचा आकडा वेगळा काढावा लागेल."

'ब्रेक' हे गाणं त्यांनी पुन्हा लावायला सांगितलं, आणि मग पुन्हा. त्यात एक मुलगी महिनाभर गावी जाते आणि कंपनीने पगारी सुट्टी दिली असं घरी सांगते, एवढंच होतं. "सात," म्हणाले. बस कंपनीच्या फाटकात वळली तेव्हा म्हणाले, "आठ करा. त्या कागदावर माझीही सही असते."

शेवटचं गाणं 'बोट'. ते आम्ही संध्याकाळी परतताना ऐकलं. कुठल्याशा वर्कशॉपमध्ये पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसखाली बोट गेलेल्या पोराचं गाणं होतं. अशी गाणी असणारच, असं मला वाटलं. त्यांना तसं वाटलं नाही. "पडदा झोपलाय, बोट जागं ठेवा," हा त्यातला घोष ऐकून त्यांनी कानातली गोळी काढली.

पडदा म्हणजे प्रेसच्या तोंडाशी प्रकाशाच्या किरणांची एक जाळी असते. हात आत गेला की किरण तुटतो आणि प्रेस जागच्या जागी थांबते. पण ती सारखी थांबली तर माल कमी निघतो. म्हणून काही ठिकाणी एक वायर जोडून तो पडदा निकामी करतात. त्याला कामगार पडदा झोपवणं म्हणतात.

सकाळी ते सरळ तिच्या टेबलापाशी गेले. मी मागे होतो.

"ते बोटाचं गाणं. कुठली गोष्ट आहे?"

"अशीच सर. गाण्यात सगळं खरं थोडंच असतंय?"

"किती खरं आहे? आकडा सांगा."

तिने हातातला ब्रेक खाली ठेवला. "बोट दुसरीकडचं हाय सर, माझ्या भावाच्या दोस्ताचं. पडदा आपला हाय. तीन नंबरच्या प्रेसचा. दिवाळीपासून झोपलाय."

ते प्रेसकडे गेले. मागे वाकून वायर बघितली आणि प्रॉडक्शनच्या प्रमुखांकडे गेले. प्रॉडक्शनवाले म्हणाले, "महिनाअखेर होऊ द्या, साहेब. मग बघतो." महिनाअखेर ही आमच्याकडे दर महिन्याला येते. त्यांनी लेखी पाठवलं. उत्तर आलं, की नोंद घेतली आहे.

मग त्यांनी गाण्यांची यादी एचआरला पाठवून दिली. गाण्याचं नाव, पुढे आकडा. 'आम्ही एक कुटुंब' एक. 'बोट' दहा. खाली आम्हा दोघांची नावं.

दोन दिवसांनी नोटीस बोर्डावर पोस्टर लागलं. सुरक्षा सप्ताह, प्रमुख आकर्षण, आपल्याच कुटुंबातील कलाकारांचे समितीने दहापैकी दहा दिलेले गीत, 'बोट'. शेजारी अंगठा वर केलेल्या हेल्मेटवाल्याचं चित्र.

मी धावत त्यांच्या केबिनला गेलो. "अहो, एचआरना दहा म्हणजे उत्तम वाटलं. सांगू का त्यांना?"

"सांगा की. मग ते यादी उलटी करतील आणि 'आम्ही एक कुटुंब' लावतील."

मी डोळ्यांसमोर ते चित्र आणलं. स्टेजवर ती पोरगी, पहिल्या रांगेत एचआर. मी खाली बसलो.

"सांगणार असाल तर आजच सांगा," ते म्हणाले. "मला तिसऱ्या प्रेसकडे जायचंय." मी सांगितलं नाही.

त्यांनी सांगितलं ते तिला. टेबलाशी उभं राहून, सगळ्यांदेखत सांगावं तशा आवाजात, पण जवळ माझ्याशिवाय कोणी नसताना. "तुमचा ब्रेक पुढच्या महिन्यात आहे. हे गायलात तर परत बोलावतील याची मी खात्री देऊ शकत नाही. तुम्ही आजारी पडलात तर मी रजा मंजूर करीन."

तिच्या पगारावर गावाकडे दोन भाऊ शिकत होते. हे त्यांना माहीत होतं, मलाही होतं. तिने पुढचा ब्रेक उचलला, चार ठिकाणी बघितला आणि ठेवला.

"हे गाणं तुम्हीच निवडलं ना सर?"

"मी आकडा दिला. निवडलं त्यांनी."

"पण आकडा बरोबर हाय ना?"

"बरोबर आहे."

"मग गाते की."

कार्यक्रमाच्या दिवशी कँटीनमध्ये मांडव घातला होता. एचआर प्रमुखांनी सुरक्षा ही सवय नसून संस्कृती आहे, असं सुरू करून संस्कृतीचा इतिहास घेतला. मग ती आली. कंपनीचा निळा शर्ट, पायात सेफ्टी शूज. मागे कॉलेजची तिघं. गाणं दोन मिनिटांचंही नव्हतं. पहिल्या कडव्याला एचआर प्रमुख ठेक्यावर टाळ्या वाजवत होते, कारण शब्द अजून त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते. घोष दुसऱ्यांदा आला तेव्हा मागच्या बाजूने प्रेस शॉपची सगळी पोरं म्हणू लागली, "पडदा झोपलाय." एचआर प्रमुखांचे हात एकमेकांपासून वीतभर अंतरावर थांबले. प्रॉडक्शनचे प्रमुख स्वतःच्या बुटांकडे बघत होते. आणि कस्टमरचा एक अधिकारी शेजारी वाकून हळूच विचारत होता, "कोणता पडदा?"

जेवणाची सुट्टी व्हायच्या आत तिसऱ्या प्रेसचा पडदा जागा झाला.

दुपारी आम्हा दोघांना बोलावणं आलं. एचआर प्रमुखांचा चेहरा सेवाविराम दिल्यासारखा झाला होता.

"तुम्ही दहा दिले होते."

"दिले होते," ते म्हणाले.

"दहा म्हणजे सर्वोत्तम ना?"

"दहा म्हणजे लाइन बंद करा. याचं ट्रेनिंग झालंय सगळ्यांचं. हजेरीपटावर आपली सही आहे."

मी छताकडे पाहिलं. हजेरीपट माझा होता. एचआर प्रमुख त्या ट्रेनिंगला दीपप्रज्वलनापुरते आले होते आणि सही करून गेले होते. आता 'मी आलो नव्हतो' असं म्हणायची सोय त्यांना राहिली नव्हती. ते म्हणाले, "ठीक आहे," आणि त्यांच्या बोलण्यातलं कुटुंब त्या दिवसापासून जरा कमी झालं.

पण राग कुठेतरी उतरायचाच. पुढच्या महिन्यात ती ब्रेकवर गेली. ब्रेकवरच्या कोणाला परत घ्यायचं, ती नावं विभागप्रमुख कळवतात. एचआरकडून निरोप आला, की तिचं नाव नको. यांनी तिचंच नाव कळवलं. कागद परत आला, की आणखी पर्याय द्यावेत. यांनी पुन्हा तिचंच नाव लिहिलं. शेरा म्हणून तिने अडवलेल्या खराब मालाचा आकडा टाकला, विशेषण एकही नाही. कागद पुन्हा परत आला.

होसूरच्या नव्या प्लांटला बढतीवर जा, असं वरचे लोक त्यांच्या दोन वर्षं मागे लागले होते. ते नको म्हणत होते. वहिनींची शाळेतली नोकरी इथे, निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली, आणि तिकडची भाषा येत नाही. त्या आठवड्यात एका सकाळी, मोशीला बस उभी असताना, ते मला म्हणाले, "मी होसूरला हो म्हटलं."

"एकदम कसं काय?"

"जायच्या आधी माझ्या विभागाचे अडकलेले कागद मंजूर व्हावेत, एवढीच अट घातली. कागद एकच अडकलाय."

मी म्हटलं, "तिला सांगतो मी."

"अजिबात नाही," ते म्हणाले. "ती गाणं करेल. आणि उपकारांची गाणी वाईट होतात, मास्तर."

निरोप समारंभात एचआर प्रमुखांनी त्यांना द्रष्टे, ऋषितुल्य आणि आधारवड असं म्हटलं. त्यांनी शालीची शिवण तपासली आणि उत्तरादाखल दोन वाक्यं बोलले. त्यातलं एक बसच्या वेळेबद्दल होतं.

ते गेल्यानंतरच्या सोमवारी ती परत आली. मी फाटकातून आत जात होतो, ती सिक्युरिटीकडे उभी होती. चेहरा गावाकडच्या उन्हाने रापलेला, डोक्यावर निळी टोपी.

"परत घेतलं मला, सर," ती म्हणाली. "मला तर वाटलेलं सगळं संपलं. एचआरवाले इतके चांगले कधीपासून झाले?" मग आत बघत, "आमचे सर आले का?"

"ते होसूरला गेले. बढतीवर."

"चांगलं झालं की. कधीपासून मागायलेते?"

मी काही सांगायचं नाही, असं ठरलं होतं. मी एवढंच म्हणालो, "मागत नव्हते. दोन वर्षं नको म्हणत होते."

रोज शेकडो ब्रेक उचलून बघणारी मुलगी, ती त्या वाक्याकडेही तसंच बघत असावी. पहिली शिफ्ट तिच्या बाजूने आत जात होती. कोणीतरी "ए, चल की" म्हणालं. ती हलली नाही.

"तिथं जेवायचं काय करायलेत ते?" तिने विचारलं.

"भात," मी म्हणालो. "तिन्ही त्रिकाळ भात."

"पोट बिघडंल की त्यांचं," ती म्हणाली. तिने टोपी डोळ्यांवर ओढली, आणि फायनल इन्स्पेक्शनच्या दारातून आत गेली.